डोकं थिनरने दुखत नव्हतं

कारखान्यात तिला सगळे काचपेपर म्हणत. लाकूड घासायच्या खरखरीत कागदासारखी तिची जीभ होती, म्हणून. हे नाव तिला माहीत होतं आणि त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. "मी घासलं नाही तर तुमच्या टेबलांवर गिऱ्हाइकाचा हात फिरेल का?" असं ती विचारायची.

कारखाना फर्निचरचा. पुढे सुतारांची ओळ, मध्ये लाकूड गोल कातणारा कातारी आणि त्याचं लेथ, आणि टोकाला, मागच्या दाराशी, पॉलिशचा ओटा. ती जागा तिने स्वतः निवडलेली होती. पॉलिश बघायला आडवा उजेड लागतो आणि तो त्या दारातून यायचा. कापसाचा बोळा, त्यावर जुनं मऊ कापड, त्यात स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. बोळा लाकडावर ठेवला की थांबवायचा नाही. थांबला तिथे डाग पडतो आणि तो डाग काढायला सगळा कोट खरवडावा लागतो. ज्यांना वाटतं पॉलिशला ताकद लागत नाही त्यांनी एक दरवाजा करून बघावा. दिवसभर मनगट एकाच चालीने फिरवायचं आणि शेवटच्या फेरीला हात पहिल्या फेरीइतकाच हलका ठेवायचा. काचपेपर हे काम वीस वर्षं करत होती आणि तिच्या हाताखालून डाग पडलेली वस्तू बाहेर गेलेली नव्हती.

तिला एचआयव्ही होता. नवऱ्याकडून आलेला. नवरा गेला, आजार ठेवून गेला. बरीच वर्षं ती दवाखान्यातून आजार दाबून ठेवणाऱ्या एआरटीच्या गोळ्या आणून नेमाने घेत होती. मग धाकट्या भावाच्या घरी राहायला गेली. दोन खोल्या, एक कपाट, आणि त्या कपाटात दिवसातून चार वेळा हात घालणारी भावजय. तिच्या नजरेला पडू नये म्हणून गोळ्यांची बाटली हत्यारांच्या पिशवीत गेली, पिशवी कारखान्यात राहू लागली, गोळ्या चुकू लागल्या. तब्येत तर ठणठणीत होती. वजन होतं, भूक होती, हात चालत होता. तेव्हा तिने ठरवलं की गोळ्यांची गरज संपली. तिला असं ठरवायला कुणी सांगितलं नव्हतं. कारखान्यात फक्त मिस्त्रीला, म्हणजे सगळ्यात जुन्या सुताराला, आजाराचं ठाऊक होतं. गोळ्या सोडल्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

दोन वर्षांनी डोकं दुखू लागलं.

पॉलिशवाल्याचं डोकं दुखणं ही काही बातमी नव्हे. हाताचं पॉलिश कमी होऊन फवारायचं पॉलिश आलं, त्याबरोबर थिनर आलं, आणि थिनरचा वास बंद खोलीत डोक्यात चढतो. त्याला कारखान्यात म्हणत, थिनर चढलं. उपाय ठरलेला. अंगणात जायचं, नळाखाली तोंड धुवायचं, ग्लासभर दूध प्यायचं, परत यायचं. दुधाने थिनर उतरतं असं सगळे मानत. तीही दूध प्यायली. दुखणं उतरलं नाही. सुट्टीच्या दिवशीही उतरलं नाही. तिने त्याचंही कारण शोधून ठेवलं. इतक्या वर्षांचं थिनर अंगात साठलंय, एका सुट्टीत कसं निघेल?

आणि मग तिने मालकाला धरलं.

"हा नवा ड्रम भेसळीचा आहे."

मालकाने झाकण काढून वास घेतला. "बाई, तोच माल आहे. त्याच दुकानातला."

"मग नाक बदलून आणा."

"तुमच्या एकटीचंच डोकं दुखतंय."

"बाकीच्यांना डोकं असतं तर दुखलं असतं. भिंतीत मोठा फॅन बसवा, वास ओढून बाहेर टाकणारा. तोपर्यंत मी फवारणार नाही."

ती ओट्यावर हाताची घडी घालून बसली. सहा खुर्च्या आणि एक जेवणाचं टेबल पॉलिशवाचून उभं राहिलं. मालक आधी रागावला, मग समजुतीने बोलला, मग गिऱ्हाइकाचा फोन आला. आठवड्याच्या आत गवंड्याने भिंत फोडली आणि परातीएवढा फॅन बसला. सुरू केला तेव्हा ओट्यावरचे कागद उडाले. सगळ्यांनाच बरं वाटलं. कातारी म्हणाला, "काचपेपरने भिंतीला भोक पाडलं." तीही हसली. हसताना तिला डोळे मिटावे लागले, कारण उजेड सहन होत नव्हता.

फॅन फिरत होता. डोकं ठणकतच होतं.

आता पंचाईत झाली. मालक रोज सकाळी ओट्याशी येऊन विचारायचा, "काय बाई, डोकं कसं आहे?" त्यात चौकशी थोडी आणि टोमणा जास्त होता. ती म्हणायची, "हलकं झालंय." डोकं थिनरने दुखत नव्हतं हे तिला फॅन बसल्याच्या दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. पण ते कबूल करायचं म्हणजे मालकाचं नाक खरं होतं हेही कबूल करायचं, आणि त्याला ती तयार नव्हती. आडवं झालं की दुखणं वाढायचं, म्हणून ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपू लागली. सकाळी उलटी व्हायची.

"वन्सं, दूध नासलं होतं का?" भावजयीने विचारलं.

"दूध चांगलं होतं. मीच नासलेय." एवढं बोलून ती डबा उचलून कामाला गेली.

त्या हट्टापायी तिने आणखी आठ-दहा दिवस घालवले. जीव जाण्याइतका हा वेळ होता.

त्या दिवशी ती मोठ्या टेबलावर शेवटचा कोट देत होती. आडव्या उजेडात टेबलाची कड तिला दोनदा दिसली. एक खरी, एक तिच्या बाजूला सरकलेली. कुठल्या कडेपर्यंत हात न्यायचा ते तिला कळेना, आणि बोळा थांबला.

मिस्त्री समोरच्या बाकावर दार रंधत होता. त्याने बोळा थांबलेला पाहिला. त्याने रंधा खाली ठेवला.

"ऊठ."

"थिनर चढलंय जरा."

"थिनर गेलं फॅनमधून बाहेर. तू अजून इथेच आहेस. ऊठ, दवाखान्यात चल."

"कोट ओला आहे."

"कोटाला लागू दे आग. गोळ्या चालू आहेत ना तुझ्या?"

तिने नजर बोळ्याकडे वळवली. मिस्त्रीला उत्तर मिळालं. मालकाला न विचारता त्याने तिला धरून बाहेर काढलं. चालताना तिची मान ताठ होती. गर्वाने नव्हे, ती वाकतच नव्हती.

सरकारी दवाखान्यातली डॉक्टर तिची मुलगी शोभेल अशा वयाची होती. तिने विचारायच्या आत काचपेपर म्हणाली, "एचआयव्ही आहे. गोळ्या सोडल्यात, दोन वर्षं झाली. ओरडायचं असेल तर आधी ओरडून घ्या, मग औषध द्या."

"ओरडायला वेळ नाहीये, मावशी," डॉक्टर म्हणाली. "पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासायचंय. आत्ताच."

तेवढ्यात मिस्त्रीचा निरोप मिळून भाऊ धावत आला. पाठीत सुई म्हटल्यावर तो आडवाच आला. त्यांच्या गल्लीतल्या कुणाची तरी कंबर अशीच सुई घातल्यावर गेली होती म्हणे. "ताईचं काम उभ्याचं आहे. कंबर गेली तर ती खाणार काय?"

डॉक्टरने त्याला सांगितलं की त्या माणसाची कंबर आजाराने गेली असेल, सुईने नव्हे. भावाला ते पटलं नाही. काचपेपरलाही पुरतं पटलं नव्हतं.

"दुखतंय वर आणि भोक पाडणार खाली?"

"वरचं आणि खालचं पाणी एकच आहे. गच्चीवरच्या टाकीत दाब वाढला तर तुम्ही टाकी फोडता की खालचा नळ सोडता?"

टाकी आणि नळाचं काचपेपरला पटलं. मग ती भावाकडे वळली. "पेन दे. सही माझी, कंबरही माझी."

कुशीवर निजून गुडघे पोटाशी घ्यायचे आणि हलायचं नाही. तिने वीस वर्षं हात न थांबवायची सवय केली होती, आता सगळं अंग थांबवायचं होतं. ते तिने केलं. सुईला लावलेल्या नळीत पाणी जोरात वर चढलं. डॉक्टरने ते हळूहळू काढलं, आणि कपाळामागे ठोकल्यासारखी पाचर सैल होत गेली. त्या संध्याकाळी तिने कितीतरी दिवसांनी उशीला डोकं टेकलं आणि ते टेकलेलं राहिलं.

तपासणीचं उत्तर आलं. मेंदूच्या आवरणात बुरशी होती.

"बुरशी?" ती म्हणाली. "ओल्या लाकडाला लागते ती?"

"तिच्या भावकीतली समजा. धुळीत असते, पक्ष्यांच्या विष्ठेत असते. सगळ्यांच्याच नाकात जाते, पण त्यांचं शरीर तिला हुसकून लावतं. तुमच्या अंगात एचआयव्हीने पहारेकरी उरू दिले नाहीत. असे आजार संधी बघून आत शिरतात. क्षय तसाच, फुप्फुसाचा एक न्यूमोनिया तसाच, तोंडात पांढरी बुरशी येते ती तशीच."

"म्हणजे घरात मालक नाही बघून घुसलेले भाडेकरू."

"भाडंसुद्धा न देणारे."

"मग काढा बाहेर. सामानासकट."

काढणं सोपं नव्हतं. औषध सलाइनमधून थेंबाथेंबाने जायचं आणि गेलं की अंगात हुडहुडी भरायची. दोन पांघरुणांखाली दात वाजत, पलंग हलत असे. सिस्टर आधी साधं सलाइन सोडायच्या, मूत्रपिंडांना इजा होऊ नये म्हणून, आणि सतत रक्त तपासायच्या. पलंगाची दांडी धरून काचपेपर थंडीला शिव्या द्यायची. सिस्टर म्हणाल्या, "हळू बोला, शेजारी पेशंट आहेत." ती म्हणाली, "त्यांनाही शिकू दे."

आणि दाब पुन्हा वाढायचा. दोन दिवस बरे गेले की पाचर परत ठोकली जायची, आणि पुन्हा सुई. शेजारच्या पलंगावर याच आजाराची एक बाई होती. दुसऱ्या सुईनंतर तिच्या घरचे म्हणाले, आता हाल पुरे, आणि तिला घरी घेऊन गेले. जाताना तिने काचपेपरकडे बघून हात हलवला. ती बाई गेल्याचं आठवडा संपायच्या आत वॉर्डात सगळ्यांना कळलं. पलंगावर नवी चादर घातली गेली.

तिसऱ्या सुईच्या वेळी भाऊ पिशवी भरूनच आला होता. "ताई, बस झालं. तुझे हाल बघवत नाहीत. घरी चल."

"बघवत नाहीत तर डोळे मीट."

"ताई..."

"लहानपणी तुझ्या पायात खिळा गेला होता. तूही असाच घरी चल, घरी चल करत होतास. डॉक्टर तो काढेपर्यंत तुझा पाय कुणी धरला होता?"

त्याने स्वतःच्या पायाकडे पाहिलं. "तू."

"मग आज तू धर."

त्याने पिशवी खाली ठेवली. ती कुशीवर वळली, गुडघे वर घेतले, आणि सुईने कंबर जाईल म्हणणाऱ्या त्याच भावाने तिचे गुडघे दोन्ही हातांनी धरून ठेवले. पकड जरा जास्तच घट्ट होती. "नीट धर," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "खुर्चीचा पाय नाहीये तो." त्यानंतर सुईच्या वेळी तो न बोलावता यायचा.

दोन आठवड्यांत पाणी स्वच्छ होत आलं. सलाइन थांबलं, गोळ्या सुरू झाल्या. तिने विचारलं, "आणि एआरटी? मूळ रोगाचं औषध द्यायचं सोडून हे काय चाललंय?"

"काही आठवड्यांनी. आत्ता दिलं तर अंगातले पहारेकरी एकदम जागे होऊन त्या बुरशीवर तुटून पडतील, आणि ती मारामारी तुमच्या डोक्यात होईल."

यावर तिने वाद घातला नाही. ओल्या लाकडावर घाईने कोट चढवला की तो पांढरा पडतो, हे तिने नवशिक्यांना किती वेळा ओरडून सांगितलं होतं. लाकूड वाळेपर्यंत थांबणं हेही काम असतं. या वेळी गोळ्या सोडायच्या नाहीत, एवढं मात्र तिने डॉक्टरला बजावलं, जणू डॉक्टरनेच सोडल्या होत्या.

घरी आली तेव्हा भावाकडून सगळं कळलेल्या भावजयीने तिचा कप वेगळा काढून ठेवला होता. मोरीजवळच्या फळीवर, उपडा.

"वेगळा ठेवलास? फार चांगलं केलंस," काचपेपर म्हणाली. "आता तो गरम पाण्याने धूत जा. माझं प्यायचं पाणी उकळून ठेव. अंडं अर्धकच्चं वाढू नकोस. आणि तुझ्या आईला खोकला झाला असेल तर तो बरा झाल्यावर तिला इकडे बोलाव."

भावजय बावरली. "म्हणजे वन्सं, तुम्हीच आम्हाला..."

"अगं, मी तुमच्या कपातून प्याले तर तुम्हाला काही होत नाही. तुमच्याकडून मला होतं. भ्यायचं कुणी, ते नीट समजून घे."

गोळ्यांच्या बाटल्या तिने कपाटात वरच्या खणात, उघड्यावर, ओळीने लावल्या. बुरशीची, न्यूमोनिया होऊ नये म्हणूनची, आणि पुढे एआरटीची. भावजय कपाट उघडायची तेव्हा त्या समोरच दिसायच्या. आठवडाभराने कप फळीवरून इतर कपांत येऊन बसला. कुणी आणला ते तिने विचारलं नाही.

अशक्तपणा गेला, डॉक्टरने परवानगी दिली, तेव्हा ती कामावर गेली. कारखान्यात तोपर्यंत सगळ्यांना सगळं कळलं होतं. मालक दारातच भेटला. आवाज मऊ होता.

"बाई, जागा आहेच तुमची. पगारही तोच. फक्त मागच्या गोदामात बसा. एकट्या, निवांत. तिथेच सामान पाठवत जाईन."

गोदाम तिला माहीत होतं. लाकडं रचलेली, तुळयांवर पारवे, आणि लाकडांवर त्यांच्या विष्ठेचा वाळलेला थर. पाय आपटला तरी त्याची धूळ उडायची. ज्या बुरशीने तिला लोळवलं ती अशाच धुळीत राहते, आणि तिच्या अंगातले पहारेकरी अजून पुरते उठलेले नव्हते.

"तिथे मी जाणार नाही."

"अहो, तुमच्याच सोयीसाठी..."

"तिथे मला मारायची सोय आहे, मालक. पारव्यांच्या घाणीतूनच हे दुखणं येतं. मी माझ्या ओट्यावर बसणार."

"बाकीचे तयार नाहीत."

"बाकीचे कोण? जो तयार नाही त्याला बोलवा."

बोलवावं लागलं नाही. कातारी लेथ बंद करून आला होता. "मला पोरंबाळं आहेत," तो म्हणाला. "तुझ्याबद्दल वाईट वाटतं. पण एका छपराखाली..." पुढचं वाक्य खोकल्यात गेलं. तो वाकून खोकला, खांद्यावरच्या फडक्याला तोंड पुसलं.

काचपेपर दोन पावलं मागे सरली आणि पदर नाकाला लावला. कारखान्यात कुणीतरी हसलं.

"हा खोकला कधीपासून?"

"खोकला कसला, भुसा आहे. लेथवर बसून बघ, नाकातोंडात भुसाच जातो."

"माझं थिनर होतं."

तिने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"रात्री घाम येतो? शर्ट ढगळ झालाय तुझा. पूर्वी बटणं तटतटायची."

"म्हणजे काय म्हणायचंय तुला?"

"थुंकी तपासून ये. माझा आजार तुला एका छपराखाली बसून लागत नाही. तुझा हा खोकला क्षयाचा निघाला तर मला लागेल, आणि मला लागला तर मी मरेन. घरी तुझ्या पोरांनाही लागेल. तपासून येईपर्यंत तू अंगणात बस, मी आत बसते."

"वा रे वा. आजारी तू आणि बाहेर मी?"

"हो."

कातारी मालकाकडे बघू लागला. मालक जमिनीकडे. मिस्त्रीने कानामागची पेन्सिल काढली, फळीवर रेघ मारली आणि मान वर न करता काताऱ्याला म्हणाला, "लेथ हलत नाही. तूच हल."

ती ओट्याकडे गेली. तिथे कुणीतरी रंगाचे डबे रचून ठेवले होते. ते तिने एकेक करून खाली उतरवले. हातात अजून जोर नव्हता, दोनदा टेकावं लागलं, पण मदतीला आलेल्याला तिने हातानेच थांबवलं. मागचं दार सताड उघडलं. बोळा बांधला. तिने अर्धवट सोडलेलं टेबल कुणी दुसऱ्याने पुरं करून पाठवलं होतं. तिच्यासमोर एक साधी फळी होती. तिने सुरुवात केली.

कातारी त्या दिवशी फुरंगटून घरी गेला. त्याच्या बायकोने त्याला दवाखान्यात नेलं. क्षय निघाला. दवाखान्यातली माणसं कारखान्यात आली, सगळ्यांना तपासलं, आणि काचपेपरच्या बाटल्यांत क्षय होऊ नये म्हणूनची आणखी एक बाटली वाढली. गोदामाचा विषय मालकाने पुन्हा काढला नाही. उलट एक दिवस त्याने तुळयांना जाळी मारून घेतली आणि पाणी मारून तिथली घाण धुऊन काढायला लावली. हे त्याला कुणी सांगितलं ते सगळ्यांना माहीत होतं.

कातारी बऱ्याच दिवसांनी परत आला. वाळलेला, दाढी केलेला. मागच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि आत पाऊल टाकेना.

"डॉक्टर म्हणाले आता कुणाला लागणार नाही. गोळ्या चालू आहेत." त्याने घसा खाकरायचं टाळलं. "येऊ का आत?"

काचपेपरचा बोळा फिरत होता. तिने वर पाहिलं नाही.

"सोडू नकोस त्या. मी सोडून पाहिल्यात." तिने फळीच्या टोकापर्यंत हात नेला आणि परत वळवला. "ये. दारात उभा राहून माझा उजेड अडवू नकोस."

तो आत येऊन बाजूला झाला. उजेड फळीवर आडवा पडला.